पाना, पेचकस आणि आपला इतिहास

बीडमधल्या आमच्या घराच्या अंगणात लिंबाखाली एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मॉडेल १९८२ चे. अब्बांनी ती १९९६ साली एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा तिचे निम्मे इंजिन गाडीत आणि निम्मे पोत्यात होते. पेशाने मिस्त्री असलेल्या माणसाने मोडकी गाडी घ्यावी यात नवल नव्हते. नवल याचे, की ती पुढे कधी गॅरेजात गेली नाही. अब्बांच्या स्वतःच्या गॅरेजातही नाही. "दुकान लोगां की गाड्यां के वास्ते है. अपनी गाडी घर में बनेगी," असे ते म्हणत. म्हणून सुटीच्या दिवशी अंगणात चादर अंथरली जायची, तिच्यावर पाने ओळीने मांडले जायचे आणि हातात बॅटरी धरून मी उभी असायची.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. इतिहास हा माझा विषय. मागच्या वर्षी सातवीच्या मुलांना मी सांगितले, की घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि आपल्या घराची तारीख, म्हणजे इतिहास, एका पानावर लिहून आणा. एका मुलाने दोनच वाक्ये लिहून आणली. "हमारे घर की कोई तारीख नहीं. अब्बू मिस्त्री हैं."

त्या वहीवर सही करताना माझा हात थांबला, कारण मीही मिस्त्रीची मुलगी. सुलतान, सुभेदार, सूफी यांच्याविषयी मी तासभर बोलू शकते. बी.एड.ला तेच शिकले होते. पण ज्या हुन्नरावर माझी फी भरली गेली त्याचा इतिहास मलाही कोणी विचारला नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

निजामाच्या बसपासून

आपल्या भागात मोटार आली ती मुख्यतः हैदराबाद संस्थानाच्या काळात. संस्थानाच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये रस्ते वाहतूक सुरू केली. तेव्हा गाड्या होत्या २७ आणि नोकर १६६. स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या त्या बस. पुढे हे जाळे मराठवाड्यातही पसरले. बीड जिल्ह्याला त्याचे महत्त्व अधिक, कारण परळीला रेल्वे असली तरी बीड शहराला ती नव्हती. बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे सुरू झाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याआधीच्या साऱ्या पिढ्या रस्त्याच्या भरवशावर जगल्या. बाळंतीण असो, वरात असो की ऊसतोडीला निघालेले कुटुंब असो, त्यांना चाकाखेरीज आधार नव्हता.

चाक आले की चाक दुरुस्त करणारा लागतो. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, १९४० च्या दशकात बसवर क्लीनर म्हणून लागले. बस धुणे, रेडिएटरमध्ये पाणी भरणे आणि सकाळी हँडल मारून इंजिन उठवणे ही त्यांची कामे. इंजिन उठवताना अंगठा हँडलच्या भोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हा त्यांचा पहिला धडा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. ही गोष्ट दादांनी अब्बांना आणि अब्बांनी मला सांगितली. आमच्या गाडीला हँडल मारायची वेळ क्वचितच यायची, तरी धडा तसाच पुढे आला.

मग १९४८ चा सप्टेंबर आला. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांच्या नोकऱ्या गेल्या, जमिनी गेल्या, माणसे गेली. दादांचीही चाकरी सुटली. ते त्या दिवसांविषयी फारसे बोलत नसत. इतकेच म्हणत, की कागदावर लिहिलेले सगळे गेले, हातात होते ते राहिले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, बसवरच्या पाट्या उर्दूतून मराठीत आल्या. दादा मात्र रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली पान्यांची पेटी घेऊन बसत, आणि बंद पडलेल्या गाडीचा मालक कोणत्याही जातीचा असला तरी त्यांच्यापुढेच येऊन थांबे.

जुनी गाडी टाकता येत नव्हती

आजच्या मुलांना वाटते, की जुनी गाडी दुरुस्त करीत राहणे हा शौक असावा. त्या काळी तो शौक नव्हता, नाइलाज होता. त्यामागे देशाचे धोरण होते.

अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. पाठोपाठ फोर्डही आली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणे पुरे झाले, गाडी इथेच तयार करा. तेव्हा या दोन्ही कंपन्यांनी १९५० च्या दशकात आवराआवर केली. उरल्या मोजक्या देशी कंपन्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटची गाडी निघू लागली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर ॲम्बेसेडर तयार होऊ लागली. आणि जीप होतीच.

या जीपची एक हकिकत आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. महिंद्र कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. एक भागीदार सरहद्दीपलीकडे जाऊन राज्यकर्ता झाला. पण कंपनीची जीप मराठवाड्याच्या खडीच्या रस्त्यावर बंद पडली, की तिच्याखाली निजून नट आवळणारे हात बहुधा इथेच राहिलेल्या कुणा गरीब मोहम्मदाचे असत. आपल्या इतिहासात पहिल्याचे नाव सापडते, दुसऱ्याचे सापडत नाही.

नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे असलेली गाडी मरू द्यायची नाही हाच रिवाज पडला. असे जगात दुसरीकडेही घडले. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने क्युबाशी व्यापार तोडला. तेव्हा तिथल्या लोकांनी जुन्या अमेरिकन गाड्या घराच्या दारात दुरुस्त करून, त्यांत रशियन इंजिने बसवून आजवर चालवल्या. त्या गाड्या पाहायला जगभरचे प्रवासी हवानाला जातात. आपल्याकडेही तेच झाले, पण आपल्या मिस्त्रीचा फोटो कोणी काढला नाही.

अंगणातले वर्षभराचे काम

घरी गाडी सांभाळायची म्हणजे नेमके काय करायचे, हे थोडे तपशिलाने सांगते. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि ते हवेतूनही आलेले नाही. बीडच्या हवापाण्याने ते घडवले आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा जुन्या पेट्रोल गाडीचे एक ठरलेले दुखणे असे. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्याच पेट्रोलची वाफ होई, पंप ती वाफ ओढू शकत नसे आणि गाडी भर रस्त्यात थांबे. नवखा माणूस सेल्फ मारमारून बॅटरी उतरवून टाकी. अब्बा मात्र बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवत आणि सावलीत बसून पान लावत. पंधरा मिनिटांत वाफ निवून पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी उठे. आमच्या गाडीत पाण्याची बाटली आणि फडके कायम असे. पाहुण्यांना वाटे, ते काच पुसायला ठेवले आहे.

पावसाळ्यात दुखणे वेगळे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमट हवा शिरली, की ठिणगी प्लगपर्यंत पोहोचत नाही. मग टोपण काढून कोरड्या कापडाने आतून पुसायचे. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा. प्लगची फट मोजायला अब्बांकडे जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा होता. मी दहावी झाल्यावर गाडीचे इंग्रजी पुस्तक वाचू लागले, मोजपट्टी आणली आणि मोठ्या ऐटीत त्यांचे माप तपासले. फट जवळपास तेवढीच निघाली.

पाण्याची गोष्टही तशीच. आपल्या बोअरचे पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घातले, की चहाच्या भांड्यात बसते तशी चुन्याची पापडी आतल्या नळ्यांत बसते, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते. म्हणून अम्मी पहिले दोन पाऊस सोडून पत्र्यावरचे पाणी मडक्यात धरून ठेवत. त्यातले निम्मे डाळ शिजवायला आणि निम्मे गाडीला.

कार्बोरेटरचे जेट तुंबले तर फुंकून साफ करायचे, त्यात सुई किंवा तार घालायची नाही. पितळेचे ते भोक केसभर जरी वाढले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. इंजिनाचे हेड बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत जायचे, तेही एका दमात नाही, थोडे थोडे करीत. एका कडेने आवळत गेले तर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. ब्रेकमधली हवा काढण्याचे काम मात्र एकट्याने होत नाही. एक जण पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळची निप्पल उघडतो. पेडल माझ्याकडे असे. अब्बा गाडीखालून आवाज देत, "मार... मार... पकड के रख... छोड." चूक झाली तर हवा पुन्हा आत. या कामात त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्यांच्यावर. कारण नंतर त्याच ब्रेकवर अख्खे घर बसणार असे.

आणि एक आकडा. एक-तीन-चार-दोन. फियाट काय, ॲम्बेसेडर काय, चार सिलिंडरांत ठिणगी याच क्रमाने पडते. एक-दोन-तीन-चार अशी ओळीने का पडत नाही, हे मी लहानपणी विचारले होते. अब्बा म्हणाले, "चार भाई चारपाई उठाए, और एकच बाजू के दोनों पहले जोर लगाए, तो चारपाई तिरछी होती ना?" पुढे कळले, की इंजिनातल्या दांड्यावर झटके समतोल वाटले जावेत म्हणूनच हा क्रम असतो. पाचवीतून शाळा सुटलेल्या माणसाने यंत्रशास्त्राचा धडा चारपाईने समजावला होता.

दोन प्रकारची उर्दू

उर्दूची शिक्षिका म्हणून मला या हुन्नराची भाषा फार महत्त्वाची वाटते. हैदराबादला १९१७ साली 'दारुत्तर्जुमा' हे भाषांतर खाते निघाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ. तिथे विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंग उर्दूतून शिकवले जाई. विद्वानांनी त्यासाठी अरबी-फारसीतून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. १९४८ नंतर शिक्षणाचे माध्यम बदलले आणि त्यातले पुष्कळसे शब्द कपाटात गेले.

पण गॅरेजातली भाषा कोणत्या खात्याने घडवली नव्हती, म्हणून कोणी ती बंदही करू शकले नाही. पेचकस शब्दातला पेच फारसी आणि कसही फारसीच. मागच्या चाकावरच्या कमान-पाट्यातली कमान फारसी, पाटा आपला मराठी. मरम्मत अरबी, दुरुस्ती फारसी. खुद्द मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि चावीही. कार्बोरेटर, गॅस्केट, टापेट हे इंग्रजी. अब्बांच्या एका वाक्यात चार मुलखांची ये-जा असते आणि समोरचा मराठी शेतकरी ते वाक्य विनाअडथळा समजतो. मराठी-उर्दूचा संगम आपण व्यासपीठावर शोधतो. तो झाडाखालच्या तेलकट चादरीवर केव्हाच झालेला होता.

आपल्या जलशांतून अल्-जझरी यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. १२०६ साली त्यांनी यंत्रांवर ग्रंथ लिहिला. पाणी उपसण्याच्या पंपात चाकाची गोल गती पुढे-मागे होणाऱ्या गतीत कशी बदलायची, हे त्यात आहे. मोटारीचे इंजिन त्यांनीच शोधले असा दावा करण्याचे कारण नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की ते स्वतः कारागीर होते आणि आपण बनवलेले त्यांनी लिहून ठेवले. म्हणूनच आठशे वर्षांनी आपण त्यांचे नाव घेतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही उस्तादाने काही लिहून ठेवले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनी त्यांना विचारले नाही. त्या दुसऱ्या लोकांत मी आहे.

या हुन्नराने घेतलेली किंमत

इथवर वाचून कोणाला वाटेल, की बाई जुन्या दिवसांचे गोडवे गात आहेत. तसे नाही.

अब्बा दहाव्या वर्षी गॅरेजात गेले. उस्तादाने शिकवले तसे पान्याने मारलेही. पेट्रोल ओढायला नळी तोंडात धरायची आणि घोट गेला तर थुंकायचा. त्या पेट्रोलमध्ये शिसे असे. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले १ फेब्रुवारी २००० पासून. ब्रेक ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची, आणि ब्रेकच्या अस्तरात तेव्हा ॲस्बेस्टॉस असे. अब्बांची खोकल्याची उबळ रात्री ऐकू येते तेव्हा मला शागिर्दीच्या गोष्टी गोड वाटत नाहीत.

नोव्हेंबर २००६ मधल्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले, की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळली. मोटारदुरुस्तीसारख्या धंद्यांत आपल्या समाजाचे प्रमाण जास्त असल्याचेही त्याच अहवालात आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. पुढे शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे गुन्हा आहे. तरीही ईदनंतर वर्गातला एखादा बाक रिकामा दिसतो आणि मला माहीत असते कुठे जायचे.

एकदा अशाच एका मुलाला आणायला मी गेले. गॅरेजवाले म्हणाले, "आपा, आप भी तो मिस्त्री की बेटी हो." मी म्हटले, म्हणूनच आले आहे. मुलगा परत आला, पण त्याची नजर वर्गात नव्हती. तेव्हा मी फळ्यावर १-३-४-२ लिहिले आणि विचारले, हे काय आहे? साऱ्या वर्गात त्या एकट्याचा हात वर झाला. त्याने उठून समजावले, बाकीच्यांनी ऐकले. त्या दिवसानंतर तो नियमित येऊ लागला असे लिहायला मला आवडले असते. तो आला, गळला, पुन्हा आला. सध्या येतो आहे.

आता काय उरले

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि १९९१ नंतर बाजार खुला झाला. २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि संगणकाने पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. पॉइंट गेले, चोक गेला, हँडलचे भोकही गेले. आज गाडी बिघडली की आधी मशीन लावून कोड वाचतात. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. गाड्या कमी बिघडतात, धूर कमी सोडतात. ॲम्बेसेडर २०१४ साली बंद झाली. पद्मिनीचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली.

खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागते. आमच्या गाडीची ती वेळ पुन्हा येणार आहे. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणतो, भंगारात देऊन टाका, पैसे येतील. त्याचे चूक नाही. अब्बांचे हात आता थरथरतात, जेटचा स्क्रू त्यांच्याने बसत नाही. ते खुर्चीवर बसून सांगतात आणि पाना माझ्या हातात असतो. बॅटरी धरायला माझी मुलगी असते. पूर्वी शेजारणी कुंपणावरून पाहून हसत. हल्ली त्यांची स्कूटी बंद पडली की मलाच हाक मारतात.

गाडी राहील की जाईल मला ठाऊक नाही. पण यंदा मी एक शंभर पानी वही घेतली आहे. अब्बा बोलतात तसे त्यांच्याच शब्दांत उर्दूत उतरवते आणि समोरच्या पानावर मराठीत. कोणत्या दुखण्याला काय आवाज येतो, कोणता नट उलट्या पेचाचा, कोणत्या उस्तादाकडून काय शिकले, कोणत्या साली कोणता रस्ता झाला. चाळीस पाने झाली आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा मिस्त्री, वेल्डर, पेंटर, कुशन शिवणारा, बॅटरी भरणारा बुजुर्ग असेल. त्याच्यापाशी वही घेऊन बसा. त्याला आधी वाटेल तुम्ही थट्टा करता आहात. दुसऱ्या दिवशीही बसा.

आणि सातवीच्या त्या मुलाला मी वही परत दिली तेव्हा त्याच्या दोन वाक्यांखाली लाल शाईने शेरा लिहिला नाही. एक प्रश्न लिहिला, "अब्बू के उस्ताद कौन थे?" आठवड्याने तो दोन पाने लिहून घेऊन आला.